उंबराचं पाणी

ख्रिसमसचे कंदील उतरवले की आमच्याकडे लग्नं सुरू होतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागेपर्यंत जे काय नाचून-खाऊन घ्यायचं ते घ्यायचं. त्यानंतर उपासाचा काळ, बॅन्डवाल्यांना सुट्टी. त्यामुळे जानेवारी लागला की गावठाणाच्या बोळांतून ट्रम्पेटचा सराव ऐकू येतो, कुणाच्या तरी मागीलदारी फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोल वडे, तळल्याचा गोडूस वास सुटतो आणि हवेत तो आमच्या उपनगरातला गारवा असतो, शाल घ्यावी इतका नाही आणि घेऊ नये इतकाही नाही असा. मालाडला सून म्हणून येऊन मला आता पन्नासावर वर्षं झाली. तरी हा गारवा अंगाला लागला की मी अंधेरीला, आमच्या पाखाडीत असते.

यंदा देवळातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पर्यावरण समितीची एक मुलगी घरी आली. लग्नात प्लास्टिकचे ग्लास वापरू नका, असं सांगत ही पोरं घरोघर फिरत होती. चहा पिता पिता तिनं विचारलं, "आंटी, तुमच्या टायमाला असलं काही होतं का? पर्यावरण वगैरे?"

"नाही गं," मी म्हटलं, "तेव्हा तो शब्दच नव्हता."

ती गेली आणि मी कप विसळत उभी राहिले. नळाचं पाणी हातावरून वाहत होतं. शब्द नव्हता हे खरंच. पण जे होतं त्याला आम्ही काय म्हणत होतो, ते मला आठवेना. बहुतेक काहीच म्हणत नव्हतो. विहीर म्हणत होतो.

अंधेरीच्या पूर्वेला आमची पाखाडी, म्हणजे कौलारू घरांची एकमेकांना खेटून बसलेली वस्ती. मधोमध दगडी क्रूस, क्रुसामागे विहीर, विहिरीला टेकून उंबर. उंबराची मुळं विहिरीच्या बांधकामात शिरली होती आणि फळं पाण्यात पडायची. पलीकडे भाताची शेतं, त्यांच्या पलीकडे टेकडी. मी शाळेत असेपर्यंत चित्र असं होतं. मी शिकवायला लागले तोवर निम्म्या शेतांवर सिमेंटच्या पत्र्यांच्या शेड उभ्या राहिल्या होत्या. दुपारची प्रार्थना पूर्वी देवळाच्या घंटेवर व्हायची, ती आता कारखान्याच्या भोंग्यावर व्हायला लागली, कारण घंटा दोन मिनिटं मागेपुढे होई आणि भोंगा होत नसे.

आमच्या लग्नात एक विधी असतो. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका लुगडी नेसून, बॅन्ड पुढे घालून विहिरीवर जातात. वडीलधारं माणूस विहिरीला विडा देतं, दारूचे चार थेंब देतं, मग घागरी भरून वर उंबराची डहाळी ठेवतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. हे उंबराचं पाणी. यात देऊळ नाही, पाद्री नाही. नवऱ्याच्या गावाला जायच्या आधी आपल्या गावाचं पाणी अंगावर घ्यायचं, एवढंच.

माझं लग्न ठरलं ते वर्ष सत्तर सालाच्या पुढचं. बाबा मी लहान असतानाच गेले होते. घरात आई, मी आणि माझा थोरला भाऊ पास्कल. मी देवळाच्या मराठी शाळेत शिकवत होते. पास्कल शेतांवर उभ्या राहिलेल्या शेडांपैकी एका कारखान्यात होता. तिथे कापड रंगवायचे. गावातली आणखी काही मुलंही तिथेच होती. संध्याकाळी ती घरी येत तेव्हा त्यांच्या नखांवरून कळायचं, आज कुठला रंग होता. आई म्हणायची, "आज निळा वाटतं." पास्कल म्हणायचा, "उद्या लाल." माझं लग्न मालाडच्या व्हिन्सेंटशी ठरलं होतं. जानेवारीच्या अखेरीस बार होता.

भातकापणी झाली आणि विहिरीतलं कासव मेलं. ते कासव कुणी सोडलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या आधीपासून होतं. म्हातारं झालं असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग पाण्याला एक चव आली, जिभेच्या मागच्या बाजूला लागणारी, पितळेचा चमचा तोंडात धरल्यासारखी. मग कपडे. पांढऱ्या कपड्यांवर धुतल्यावर एक छटा राहायला लागली. आई म्हणाली साबण बदलला म्हणून. साबण पुन्हा बदलला, छटा गेली नाही.

देवळातल्या वेदीवरची वस्त्रं आई धुवायची. बाबा गेल्यापासून तिनं ते काम मागून घेतलं होतं, त्यात ती कुणाला हात लावू देत नसे. ख्रिसमसच्या आधी चार रविवार आम्ही तयारीचे पाळतो. त्यातला तिसरा तेवढा आनंदाचा, त्या दिवशी फादर गुलाबी झगा घालतात. त्या वर्षी दुसऱ्या रविवारीच वेदीवर फिकट गुलाबी कापड दिसलं. मिस्साची उपासना झाल्यावर फादरनी आईला थांबवलं.

"फिलोमिना, गुलाबी पुढच्या रविवारी. आज दुसराच आहे."

आई म्हणाली, "फादर, यो पांढराच हाय."

फादरनी कापड हातात घेतलं, बोटांत चोळलं, उजेडात धरलं. ते वसईकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. झगा काढून सरळ विहिरीवर आले आणि बराच वेळ वाकून बघत उभे राहिले. बांधाच्या कडेनं कारखान्याचं गटार यायचं, ते विहिरीच्या वरच्या अंगाला जमिनीत मुरत होतं. रोज त्याच्यावरून उडी मारून आम्ही जात होतो. त्याचा रंगही आम्हाला रोज दिसत होता.

फादर आणि इनासकाका मॅनेजरकडे गेले. इनासकाका म्हणजे गावातले सर्वांत वडीलधारे, भांडणं मिटवणारे. मॅनेजरनं त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला. गटार बंद करता येणार नाही म्हणाला, पण गावाला क्रुसापाशी एक नळ बसवून देतो, पाइपाचा खर्च कारखान्याचा.

रविवारी देवळाच्या पडवीत सगळे जमले. नळाची बातमी ऐकून निम्म्या लोकांचे चेहरे उजळले, आणि त्यात मला काही चूक वाटली नाही. सकाळी उठून राट ओढणाऱ्या बाईला नळ म्हणजे काय ते विचारा. ज्यांची मुलं कारखान्यात होती त्या आयांचं म्हणणं स्पष्ट होतं. एक म्हणाली, "विहिरीपायी पोराची नोकरी घालवू? पानी नलाचं काय नि विहिरीचं काय, तहान तीच ना?"

इनासकाका म्हणाले, "नल त्याचा. त्यानं उद्या बंद केला तर?"

मग कुणीतरी तोड काढली. गटार विहिरीच्या वर अडवायचं, चर खणायचा आणि सगळं पाणी वळवून खाली नदीकडे काढून द्यायचं. कारखाना खूश, विहीर स्वच्छ, नोकऱ्या शाबूत. सगळ्यांना पटलं. चर कुठून काढायचा यावर बोलणंसुद्धा सुरू झालं.

पडवीच्या कडेला सावंतकाकी बसल्या होत्या. त्या मालवणच्या, नवरा गिरणीत, आमच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहायच्या. देवळात यायचं त्यांना कारण नव्हतं, पण पाणी त्याच विहिरीचं भरायच्या, म्हणून आईनंच त्यांना आणलं होतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चर खणशात तो खणशात. पण ता पाणी जातला खंय?"

"खाली, नदीला," कुणीतरी म्हणालं.

"नदीच्या काठार भाजीये लावतत ते लोक खंयचा पाणी घालतले? आमच्या घागरीत नको म्हणान तेंच्या ताटात वाढूचा?"

त्या भाजीवाल्यांना आम्ही नावानं ओळखत नव्हतो. ते उत्तरेकडून आलेले, नदीकाठी झोपड्या बांधून राहिलेले. दोन हातांत दोन झाऱ्या घेऊन वाफ्यांमधून धावत असल्यासारखे चालायचे. त्यांचा मुळा आणि लाल माठ आमच्या घरी यायचा. तेवढाच संबंध.

आजही मला त्या पडवीतला तो प्रश्न आठवतो. आयुष्यात मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, पण शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणजे नेमकं काय करा, हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नाही. आणि सांगणारी बाई आमच्या धर्मातली नव्हती. फादर म्हणाले, "चर नको."

मग काय, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आई उठली आणि म्हणाली, "मी कापड दाखवून येते त्या मॅनेजरला. त्यानं कापड बघितलं नाय."

त्या संध्याकाळी जेवताना पास्कल भात चिवडत बसला होता.

"आई, तू गेटवर येशील तेव्हा मी आत असेन."

"ठाऊक हाय मला."

"फोरमन मलाच पाठवेल, तुझ्या आईला घरी ने म्हणून."

"मंग तू तुझं काम कर," आई म्हणाली. "मी माझं करते." आणि त्याच्या पानात कालवण वाढलं.

मला वाटलं होतं, आई एकटीच जाईल. पण सकाळी ती निघाली तेव्हा सावंतकाकी एक धोतर घेऊन आल्या, मग कुणी उशीचा अभ्रा, कुणी पोराचा शाळेचा सदरा. बायका येत गेल्या. ज्यांनी रविवारी नळाची बाजू घेतली होती त्यांच्यातल्याही काही आल्या, लांब मागे राहून. मी शाळेतून रजा काढली होती. घोषणा नव्हत्या. तेव्हा आम्हाला त्या येतही नव्हत्या. कारखान्याच्या तारेच्या कुंपणावर आम्ही कपडे वाळत घातले. एकेकटा पाहिला असता तर जुना कपडा म्हणून सोडून दिला असता. ओळीनं टांगल्यावर मात्र सगळ्यांना एकच रंग चढलेला दिसला, आजारी माणसाच्या हिरड्यांसारखा.

वेदीचं कापड आईनं तारेवर घातलं नाही. ते फाटेल म्हणून ती हातांवर घेऊन उभी राहिली. लांब कापड, एका माणसाच्या हातात मावेना, एक टोक मातीला लागायला लागलं. तेवढ्यात गेट उघडून पास्कल बाहेर आला. त्याला फोरमननं पाठवलं होतं, तो म्हणाला होता तसंच. तो आईसमोर आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग खाली बघितलं आणि कापडाचं लोळणारं टोक उचलून धरलं. बस. दोघं दोन टोकं धरून उभी राहिली. फोरमन दारातून बघत होता.

दुपारी कारखान्याचा शेठ गाडीतून आला. खाली उतरून त्यानं कुंपण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. आईपाशी येऊन विचारलं, "ये क्या कपडा है?"

आईचं हिंदी जेमतेम. ती म्हणाली, "देव का मेज पर डालने का. सफेद था."

त्यानं फादर आणि इनासकाकांना निरोप पाठवून आत बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता असं मला वाटतं, फक्त त्याचं घर तिथून फार लांब होतं. ठरलं ते असं: कारखान्याच्या आवारात एक पक्की टाकी बांधायची, रंगाचं पाणी तिच्यात साठवायचं, चुना घालून गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी कापडाच्या पहिल्या धुण्याला पुन्हा वापरायचं. विटा-सिमेंट शेठचं. पण मजूर लगेच मिळणार नाहीत, मार्चनंतर बघू, असं मॅनेजर म्हणाला. इनासकाका म्हणाले, "खड्डा आम्ही खणतो."

पास्कलला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नाही. बाकीच्या मुलांना ठेवलं. फादर त्याच्यासाठी बोलायला गेले तर मॅनेजर म्हणाला, शिस्तीचा प्रश्न आहे.

ख्रिसमसच्या आगेमागे दोन-तीन रविवार गाव त्या आवारात खणत होतं. रविवारी अंगमेहनतीचं काम करू नये असा आमच्याकडे दंडक. त्यावर फादर वेदीवरून म्हणाले, पाणी शुद्ध करायला खणलं तर ते काम नाही, ती प्रार्थनाच, आणि मिस्सा संपताच स्वतः कुदळ घेऊन निघाले. पास्कलही जायचा. ज्या गेटातून त्याला बाहेर काढलं त्याच गेटातून फावडं खांद्यावर टाकून आत जायचा आणि सगळ्यात खोल बाजूला उतरायचा. फोरमन त्याला चहा पाठवायचा. तो प्यायचा. मला तेव्हा त्याचा राग आला होता, चहा पितो म्हणून. तो म्हणाला, "चहानं काय केलंय?"

टाकी बांधून झाली आणि गटार बंद झालं, मग विहीर उपसली. पंपानं पाणी काढलं, पुरुष आत उतरले, गाळाची घमेली हातोहात वर आली. गाळ काळा होता आणि त्याला वास होता. तळाशी बुडालेल्या कळशा मिळाल्या, राटाची मोडकी चाकं, एक जपमाळ, कुणाच्या तरी भांडणात भिरकावलेला पाटा. दोन-तीन दिवस कोरड्या तळाकडे बघत आम्ही बसलो. उंबराची मुळं भिंतीतून बाहेर आलेली दिसत होती, पांढरी, बोटांसारखी. मग एका कोपऱ्यातून झरा फुटला. आई रोज सकाळी एक पांढरा रुमाल त्या पाण्यात बुडवून दोरीवर घालायची आणि वाळला की उन्हात धरून बघायची. मला दाखवायची नाही.

लग्न जवळ आलं तशी माझी होणारी सासू मालाडहून भेटायला आली. चांगली बाई. म्हणाली, "फिलोमिना, उगाच जिवाला घोर नको. आमच्या विहिरीचं पानी मस्त हाय, दोन घागरी पाठवते."

आई म्हणाली, "ते तिला आता जन्मभर मिळनार हाय."

पुढचं सांगायचं तर, ती टाकी काही वर्षं चालली. त्या विहिरीच्या पाण्यानं माझ्यानंतर आणखी नवऱ्या न्हाल्या. मग उरलेली शेतंही गेली, टेकडी फोडली, इतके कारखाने आले की कुठलं पाणी कुणाचं ते कळेना. पुढे विहिरीवर स्लॅब पडला. उंबर अजून आहे म्हणतात, मी बऱ्याच दिवसांत गेले नाही. पास्कलला कितीतरी महिने काम नव्हतं. मग मुलुंडला एका वर्कशॉपमध्ये लागला आणि निवृत्त होईपर्यंत दोन बस बदलून जात राहिला. भाजीवाल्यांना तर काहीच कळलं नाही. न खणलेला चर कुणाला दिसतो? लग्नानंतर माहेरी येताना मी बसमधून त्यांना बघायची, झाऱ्या घेऊन धावताना, आणि मला उगाच बरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र मला खूप उशिरा सुचली. टाकीतला गाळ महिन्या-दोन महिन्यांनी ट्रकमध्ये भरून नेत. ट्रक कुठे जातो असं मी एकदा पास्कलला विचारलं होतं. तो म्हणाला, देवनारला, शहराचा कचरा टाकतात त्या डम्पिंगवर. मी बरं म्हटलं. देवनारला कोण राहतं, असं मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. सावंतकाकी तोवर गिरणीजवळच्या चाळीत राहायला गेल्या होत्या. त्या असत्या तर विचारलं असतं का? असतं, असं मला वाटतं. त्यांचा प्रश्न आम्ही एकदाच वापरला आणि ठेवून दिला, आणि तो तर रोज वापरायचा होता. हे त्या समितीच्या मुलीला सांगायला हवं होतं.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, बॅन्ड क्रुसापाशी येऊन उभा राहिला. बायकांनी काठाची लाल लुगडी नेसली होती, अंबाड्यात फुलं. इनासकाकांनी विहिरीला विडा वाहिला, बाटली तिरपी करून चार थेंब सोडले आणि बाजूला झाले. पहिली घागर ओढायचा मान नवरीच्या घरच्यांचा. पास्कल पुढे झाला. राट करकरला. घागर वर आली तसा बॅन्डवाल्यांनी सूर धरला, पण माणसं नाचायला लागली नाहीत. सगळे घागरीत बघत होते. भांडं तांब्याचं, आत काय रंग दिसणार?

मला मागीलदारी दगडावर बसवलं. अंगावर जुनं पांढरं सुती लुगडं होतं. आईनं पहिला तांब्या सावंतकाकींच्या हातात दिला. त्या मागे सरल्या. म्हणाल्या, "माका कित्या? तुमची माणसा आसत."

"घाला," आई म्हणाली.

पाणी गार होतं. डोक्यावरून, मानेवरून पाठीत उतरलं. माझा श्वास अडकला आणि बायका हसल्या, गायला लागल्या. उंबराचं एक पान माझ्या खांद्याला चिकटलं. मी डोळे पुसून आईकडे बघितलं. लेकीला न्हाऊ घालताना आया रडतात, मी तयारीत होते. पण आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती वाकून माझ्या पायांशी बघत होती, लुगड्याच्या ओल्या काठाकडे आणि दगडावरून खाली उतरून अंगणाच्या मातीत मुरणाऱ्या पाण्याकडे. काकींनी दुसरा तांब्या ओतला, तिसरा ओतला. आई तशीच वाकलेली होती. मग तिनं हात पुढे केला, ओघळात बोटं बुडवली, आपल्या पांढऱ्या रुमालाला पुसली, रुमाल डोळ्यांजवळ नेला आणि कमरेला खोचला.

"घाला, आनखी घाला," ती म्हणाली. "भरपूर हाय."